नखीची शिस्त : गुस्ताव लेओनहार्ट यांची कारकीर्द

पियानोने एकोणिसाव्या शतकात अडगळीत टाकलेले हार्पसिकॉर्ड विसाव्या शतकात पुन्हा मैफलीत आले, याचे पहिले श्रेय निःसंशय वांडा लांडोव्स्का यांचे. वॉर्सात जन्मलेल्या या बाईंसाठी पॅरिसच्या प्लेएल कंपनीने १९१२ मध्ये खास हार्पसिकॉर्ड बांधले. मोठ्या सभागृहात ऐकू जावे म्हणून त्याला पियानोसारखी भक्कम बांधणी होती, एक सप्तक खाली वाजणारी जादा तारांची ओळ होती, आणि वाजवता वाजवता नाद पालटायला पायाखाली पेडल होते. या वाद्यावर त्यांनी बाख लोकांपर्यंत नेला. मान्वेल दे फाया आणि पुलँक यांनी त्यांच्यासाठी नव्या रचना केल्या. पण बाखच्या काळी असे वाद्य नव्हते. जुन्या वाद्याला त्यांनी नव्या सभागृहाच्या मापात बसवले होते. नेदरलँड्सच्या गुस्ताव लेओनहार्ट यांनी (१९२८–२०१२) नेमके उलटे केले: वाद्याच्या मर्यादेपुढे वादकाला वाकायला लावले. माझ्या मते जुन्या पट्टीवाद्यांचे वादन हा स्वतंत्र, शिकवता येण्याजोगा व्यवसाय झाला तो या निर्णयामुळे.

ही मर्यादा कोणती, हे कळले की बाकीचे आपोआप उलगडते. हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की आत एक लाकडी पट्टिका वर उचलली जाते आणि तिच्यात बसवलेली पिसाची बारीक नखी तार छेडते, सतारीची तार छेडावी तशी. फरक इतकाच, की सतारिया आघाताचा जोर हवा तसा बदलतो. इथे पट्टीवर कितीही जोर दिला तरी नाद जवळजवळ तेवढाच राहतो. मग भाव आणायचा कुठून? लेओनहार्ट यांचे उत्तर होते: काळातून. महत्त्वाचा सूर किंचित उशिरा छेडायचा, एखादा सूर पुढच्या सुरात मिसळेपर्यंत दाबून धरायचा, दोन सुरांमध्ये श्वासाएवढी फट ठेवायची, दोन्ही हात काटेकोर एकत्र पडू द्यायचे नाहीत. जोर वाढवण्याची सोय असलेल्या वाद्यावर या सूक्ष्म गोष्टींची निकड कुणाला भासलीच नसती. म्हणूनच ब्रेमेनचे वाद्यकार मार्टिन स्कोव्रोनेक यांनी अँटवर्पच्या डुल्केन यांच्या १७४५ च्या हार्पसिकॉर्डवरून १९६२ मध्ये लेओनहार्ट यांच्यासाठी बांधलेले वाद्य या कारकिर्दीत एखाद्या गुरूइतके मोलाचे ठरते.

अभ्यासाची बाजूही तेवढीच पक्की होती. बाखचा ‘आर्ट ऑफ फ्यूग’ १९२७ मध्ये लाइपझिगला वाद्यवृंदासाठी बसवून सादर झाला होता, आणि ही रचना कोणत्याही ठरावीक वाद्यासाठी नाही असा समज रूढ होता. बाझेलला शिकलेल्या लेओनहार्ट यांनी १९५० मध्ये व्हिएन्नातील पदार्पणात तीच हार्पसिकॉर्डवर वाजवली. १९५२ च्या निबंधात त्यांनी दाखवले की प्रत्येक स्वरधारा वेगळ्या ओळीवर लिहिण्याची रीत पट्टीवाद्यांच्या रचनांत जुनीच आहे. शिवाय हे फ्यूग, म्हणजे एकच धून अनेक स्वरधारांत पाठोपाठ गुंफणारे भाग, दोन हातांत बसतात. आधी वाजवून दाखवायचे आणि मग पुराव्यानिशी मांडायचे, ही त्यांची रीत मला फार मोलाची वाटते.

आक्षेप दोन आहेत, आणि दोन्ही वजनदार. अमेरिकन अभ्यासक रिचर्ड टरुस्किन यांचे म्हणणे, की ‘अस्सल जुने’ म्हणून जे वाजते ती विसाव्या शतकाचीच अभिरुची आहे. यात तथ्य आहे. पण लेओनहार्ट यांना ते लागू होत नाही. जुनेपणाचा दाखला मिळवण्यापेक्षा वादन पटले पाहिजे, असेच ते मानत. बाखच्या एकल व्हायोलिनच्या रचना त्यांनी स्वतः हार्पसिकॉर्डसाठी रूपांतरित केल्या. संग्रहालयाच्या राखणदाराने असे धाडस केले नसते. दुसरा आक्षेप पियानोचा: पियानोवादक ग्लेन गुल्डने १९५५ मध्ये बाखची ‘गोल्डबर्ग’ आवर्तने पियानोवर इतकी झळाळती वाजवली, मग हा खटाटोप कशाला? गुल्ड थोर होता, वादच नाही. पण बाखने यातील कित्येक आवर्तने पट्ट्यांच्या दोन ओळींसाठी लिहिली आहेत. पियानोवर हात एकमेकांवर चढतात आणि दोन स्वरधारांचा वेगळा नाद विरून जातो. तो नाद रचनेतच आहे.

अॅम्स्टरडॅमला त्यांनी घडवलेल्या शिष्यांत टॉन कोपमन, बॉब फान आस्पेरेन आणि पिएर आंताई आहेत. तिघांचे वादन एकमेकांसारखे अजिबात नाही. वाचकांना एकच विनंती: लांडोव्स्का यांचे १९३३ चे ‘गोल्डबर्ग’ आणि लेओनहार्ट यांचे कोणतेही ध्वनिमुद्रण लागोपाठ ऐकावे, आणि दुसऱ्या वेळी आवाज मुद्दाम कमी ठेवावा.