मदतीसाठी सायकल फेरी काढताय? आधी हिशेबाची वही उघडा, मग पायडल मारा

गावातल्या एखाद्या लेकराचं ऑपरेशन असतं, शाळेच्या खोलीचं छप्पर गळत असतं, नाहीतर वाचनालयाला पुस्तकं घ्यायची असतात. अशा वेळी तरुण मंडळी एकत्र बसतात आणि सायकल फेरी काढायचं ठरतं. लांबचा पल्ला गाठायचा, वाटेत लोकांना विषय सांगायचा आणि मदत गोळा करायची. कल्पना चांगली आहे. पण बऱ्याच ठिकाणी पहिली बैठक टी-शर्टचा रंग आणि बॅनरवरचे फोटो यातच संपते.

फेरी नीट पार पडायची तर दोन गोष्टी निघण्याआधीच तयार लागतात. एक म्हणजे पैशाचा चोख हिशेब आणि दुसरी म्हणजे शरीराची सवय. सायकलवाला वाटेत दमला तर मागच्या टेम्पोत बसून पुढच्या मुक्कामी जाऊ शकतो. पण वर्गणीवरून एकदा कुजबुज सुरू झाली की पुढच्या वेळी खऱ्या गरजूसाठीही गावातून हात सैल सुटत नाही.

उदाहरण म्हणून पुणे ते पंढरपूर हा मार्ग घेऊ. हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी अशी ही माउलींच्या पालखीची वाट सगळ्यांच्या ओळखीची आहे. अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडं वर भरतं. पुण्यात नोकरीला असलेली गावची पोरं आणि गावातली पोरं मिळून हा पल्ला करू शकतात.

मदत कुणाला आणि पैसे कुठल्या खात्यात?

मदत रुग्णासाठी असेल तर वर्गणीआधी सरकारी मार्ग तपासा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो आजार आणि ते हॉस्पिटल बसतं का, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीकडेही अर्ज करता येतो. यातून जेवढं भागेल तेवढं भागवून उरलेल्या रकमेसाठी फेरी काढली, तर लोकांना नेमका आकडा सांगता येतो.

पैसे शक्यतो कुणाच्या खासगी खात्यावर घेऊ नका. रुग्णाची मदत थेट हॉस्पिटलच्या बिलात भरा आणि पावती रुग्णाच्या नावानं घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जमा करा. नोंदणीकृत संस्थेसाठी असेल तर देणगी त्या संस्थेच्याच खात्यात जाऊ द्या. मंडळानं स्वतः वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेश मंडळं धर्मादाय कार्यालयाकडून जशी ४१ क ची परवानगी घेतात, त्याबद्दल त्याच कार्यालयात आधी चौकशी करा. हे कलम महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं आहे.

क्यूआर कोडचा फोटो ग्रुपवर फिरतो तेव्हा कुणी मध्येच दुसरा कोड घुसडू शकतो. म्हणून स्कॅन केल्यावर खात्याचं कुठलं नाव दिसलं पाहिजे, ते बॅनरवर आणि मेसेजमध्ये मोठ्या अक्षरात लिहा. पैसे घेणाऱ्याला यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हेही सगळ्या पोरांना सांगून ठेवा. ‘देणगी देतो, पिन टाका’ असा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजा.

एखाद्या देणगीदाराला आयकरात सवलत हवी असते. ती ८०जी नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर आणि जुनी करपद्धत निवडली असेल तरच मिळते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर ही सवलत मिळत नाही.

फेरीचा खर्च वेगळा, देणगी वेगळी

टेम्पोचं डिझेल, जेवण, मुक्काम आणि टी-शर्ट यांना पैसे लागतातच. ते वर्गणीतून काढले की तोंडं सुरू होतात. त्यापेक्षा प्रत्येक सायकलवाल्यानं ठरलेली रक्कम खिशातून भरावी. जेवणाची सोय वाटेतल्या ओळखीच्या गावांनी करावी आणि टेम्पो कुणीतरी सेवा म्हणून द्यावा. देणगीचा रुपया पूर्णच्या पूर्ण कामाला जातो, हे छातीठोक सांगता आलं पाहिजे.

अमेरिकेत पॅन-मास चॅलेंज नावाची फेरी १९८० साली ३६ जणांनी सुरू केली. पहिल्या वर्षी जेमतेम १० हजार डॉलर जमले होते. आज ती कॅन्सर हॉस्पिटलसाठी निधी जमवणारी तिथली फार मोठी फेरी आहे. सायकलस्वारांनी जमवलेली सगळी रक्कम हॉस्पिटलला द्यायची आणि फेरीचा खर्च दुसरीकडून भागवायचा, असा तिचा शिरस्ता आहे. आपल्याकडे नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यांच्या टीमच्या नावातच ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ म्हणजे आदिवासींच्या दृष्टीचा विषय होता. काम कशासाठी चाललंय, ते नावातूनच कळत होतं.

वर्गणीची एक सोपी पद्धत म्हणजे किलोमीटरमागे एक रुपया. २१० किलोमीटरचे २१० रुपये झाले. असे २०० देणगीदार मिळाले तर ४२ हजार होतात. फक्त शब्दावर थांबू नका. फेरी संपली की उत्साह ओसरतो, म्हणून रक्कम निघण्याआधीच जमा करून घ्या.

किती दिवस आणि कुठे मुक्काम?

दोन दिवसांत करायचं तर मुक्काम फलटणला येतो. म्हणजे रोज शंभर-एकशे दहा किलोमीटर. आता गणित मांडा. तासाला १५ किलोमीटरचा वेग राहिला तर ११० किलोमीटरला साडेसात तास लागतात. चहा, जेवण आणि पंक्चर यांचे अडीच तास धरा. डिसेंबरअखेर सकाळी सातच्या सुमाराला उजाडतं. सातला निघालं तर पाचला मुक्कामी पोचता येतं आणि अंधाराआधी तासभर हातात राहतो. पण वेग १३ वर आला तर फलटणला पोचेपर्यंत अंधार पडतो.

गटात साध्या सायकली जास्त असतील किंवा मंडळी पन्नाशीच्या पुढची असतील, तर सरळ तीन दिवस ठेवा. पहिला मुक्काम नीरा-लोणंद भागात आणि दुसरा नातेपुत्याला केला, तर रोज सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर पडतात. गटाचा वेग म्हणजे सगळ्यात मागच्या माणसाचा वेग, हे धरूनच आखणी करा.

आषाढी वारीच्या दिवसांत या रस्त्यावर पायी वारकऱ्यांचा हक्क आहे, तेव्हा फेरी नको. हिवाळा बरा असतो, पण तेव्हा ऊस हंगाम चालू असतो. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्याला असतात आणि त्यांच्या मागे दिवा असेलच असं नाही. म्हणून अंधारात सायकल चालवायचीच नाही, हा नियम करा. दुसरा मार्ग निवडत असाल तर समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवर सायकलला बंदी आहे, हे लक्षात ठेवा.

सायकल नवी नको, नीट हवी

पन्नास हजारांची सायकल लागत नाही. घरची सायकल चालते, पण महिनाभर आधी तिचं ओव्हरहॉलिंग करून घ्या. रिमची आऊट काढा, सैल तारा आवळा, ब्रेकची रबरं बदला, चेनला तेल द्या आणि चाकाच्या गोळ्यांना ग्रीस भरा. टायर चिरलेलं असेल तर दोरे दिसायची वाट पाहू नका.

सीटची उंची सगळ्यात महत्त्वाची आहे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. चालवताना चवडा पायडलवर येतो आणि गुडघ्यात थोडा बाक राहतो, तो बरोबर. सीट खाली ठेवली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं.

दोघांमागे एक जादा ट्यूब, गटात दोन पंप, पंक्चरचं सामान, पाने आणि चेनचा जोड सोबत ठेवा. बाभळीचा काटा आणि सराटा कुणाला सोडत नाही. किमान चार जणांना पंक्चर काढता आलं पाहिजे. नवी सीट, नवे बूट किंवा नवी चड्डी फेरीच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका.

बारा आठवड्यांचा सराव

शेतात राबणाऱ्याला वाटतं, आपलं अंग तयारच आहे. ताकद असते हे खरं, पण सीटवर सात तास बसायची सवय नसते. मांड्या, मनगटं, मान आणि बसायची जागा हे सगळं हळूहळूच तयार होतं.

पहिला महिना: आठवड्यातून तीन दिवस १० ते १५ किलोमीटर आणि रविवारी २५ ते ३०.

दुसरा महिना: मधल्या दिवशी २० आणि रविवारी ४५ ते ६०.

तिसरा महिना: रविवारी ७० ते ८०. एकदा शनिवारी ६० आणि लगेच रविवारी ६०, कारण दुसऱ्या दिवशी सायकलवर बसणं हीच खरी परीक्षा असते.

शेवटचा आठवडा: फक्त हलकं चालवा आणि झोप पुरी करा.

फेरीतल्या लांबच्या दिवसाच्या सत्तर टक्के अंतर सरावात झालं की बाकीचं गटाच्या सोबतीनं निघतं. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरून आलेल्या दिवशी सराव सोडून द्या. डोळ्यांवर झोप असताना रस्त्यावर जाणं धोक्याचं आहे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि बीपी, साखर किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर लांब सायकलिंगमध्ये साखर अचानक उतरू शकते, म्हणून डोस आणि खाणं विचारूनच ठरवा.

भूक लागायच्या आधी खा

तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट पाणी प्या. तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ अंदाजानं टाकू नका.

तासातासाला केळं, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, खजूर असं काहीतरी तोंडात टाका. दुपारी भाकरी, भात-वरण पोटाला जड होणार नाही इतकंच घ्या. वाटेत स्वागताला वडापाव आणि जिलेबी येते. प्रेमाचा मान ठेवा, पण भरपेट खाऊन चढ चढवत नाही.

रस्त्यावरचे नियम

हेल्मेट प्रत्येकाच्या डोक्यावर हवं आणि अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. दिवसाही मागचा लाल दिवा चालू ठेवा. रस्त्याच्या डावीकडून एकामागे एक चाला आणि गप्पांसाठी जोडीनं चालवू नका. दहा-बारा जणांचे गट करा. पुढे रस्ता माहीत असलेला आणि सगळ्यात मागे दमदार, शांत डोक्याचा माणूस ठेवा. मागच्याच्या पुढे-मागे कुणाला सोडायचं नाही.

दिवे घाटात साधी सायकल ओढत नसेल तर उतरून चालत चढा, त्यात कमीपणा नाही. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू लावा, फक्त पुढचा दाबला तर माणूस हँडलवरून जातो. चालवताना व्हिडिओ काढायचा नाही. ते काम टेम्पोतल्याला द्या.

वाटेतल्या पोलीस ठाण्यांना तारीख, मार्ग आणि सायकलींची संख्या कळवणारा अर्ज आधी द्या. प्रत्येकाच्या खिशात नाव, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद हवा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा धाप थांबेना, तर सायकल तिथेच सोडा आणि १०८ ला फोन करा. कितीही थोडं अंतर उरलेलं असो.

रुग्णासाठी फेरी असेल तर त्याचा फोटो आणि आजाराची माहिती घरच्यांना विचारूनच बॅनरवर टाका. मदत घेणाऱ्यालाही गावात मान वर करून राहायचं असतं.

परत आल्यावर आठ दिवसांत

सत्कार नंतर होऊ शकतो, हिशेब लांबवू नका. किती देणगीदार, ऑनलाइन किती, रोख किती, कुठल्या तारखेला कुठे भरले आणि पावती क्रमांक काय, एवढं एका पानावर लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाका. फेरीचा खर्च त्याच पानावर वेगळा दाखवा. पैसे उरले किंवा रुग्णाचं बिल दुसरीकडून भागलं तर रकमेचं काय करायचं, हे वर्गणी मागतानाच पावतीवर छापलेलं असावं.

फेरी जानेवारीत काढायची असेल तर सराव ऑक्टोबरमध्ये सुरू झाला पाहिजे आणि खात्याचं काम त्याच्याही आधी. पहिल्या बैठकीत टी-शर्टाचा विषय शेवटी घ्या.