नैऋत्येचा वारा नैऋत्येला जात नाही

मे संपत आला की नैऋत्य मोसमी वारे केरळात पोहोचल्याची बातमी येते. ती वाचताना कितीतरी शिकल्यासवरल्या माणसांच्या डोक्यात बाण उलटा फिरतो आणि वारे नैऋत्येला निघाले आहेत असे त्यांना वाटते. ऑक्टोबरात याहून मोठी गंमत होते. ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाल्याचे हवामान विभागाने जाहीर केले की तो आसाम-मेघालयात पडणार असा समज होतो. प्रत्यक्षात तो मुख्यतः तमिळनाडू, आंध्रची किनारपट्टी आणि केरळ यांच्या वाट्याचा पाऊस असतो. वस्तुस्थिती एका वाक्याची आहे. वारा ज्या दिशेकडून येतो त्या दिशेचे नाव त्याला मिळते. नैऋत्येचा वारा नैऋत्येकडून येऊन ईशान्येकडे जातो, ईशान्येचा बरोबर त्याच्या उलट. एवढे पाठ करून भागले असते तर विषय इथेच संपला असता. पण हा नियम ठाऊक असलेली माणसेही धूर कुठे जाणार, पाऊस कुठून येणार, वादळ कुठे आहे हे ओळखताना चुकतात. वाऱ्याचे नाव कोणत्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ठेवलेले असते आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर ते देऊच शकत नाही, याचा विचार आपण सहसा करत नाही.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ही उलटी पद्धत खलाशांनी कधीकाळी रूढ केली आणि आपण ती उगाच ओढत आहोत. नदीची किंवा आगगाडीची दिशा ती जिकडे जाते तिकडची सांगतो, मग वाऱ्याचाच अपवाद कशाला? रूढी जुनी आहे हे खरे. अथेन्समध्ये सुमारे २,००० वर्षांपूर्वी बांधलेला अष्टकोनी 'वाऱ्यांचा मनोरा' आजही उभा आहे. त्याच्या आठ भिंतींवर आठ वाऱ्यांच्या देवता कोरलेल्या आहेत, आणि ज्या देवतेचा वारा ज्या बाजूने येतो त्याच बाजूच्या भिंतीवर ती देवता आहे: बोरिअस उत्तरेला, झेफिरस पश्चिमेला. पण नुसत्या जुनेपणावर कोणतीही पद्धत आजच्या वेधशाळेत टिकत नाही. ही टिकली, कारण वारा आपल्यापर्यंत काय घेऊन येणार हे तो कुठून आणि कशावरून आला यावर ठरते. नागपुरी संत्री म्हणताना ती कोणत्या बाजारात विकली जाणार हे कोणी विचारत नाही. त्या नावात माती आणि चव आलेली असते.

मुंबईतला मार्च महिना याचा चांगला दाखला आहे. सकाळी वारा जमिनीवरून, पूर्वेच्या अंगाने येतो. दुपारी जमीन तापली की अरबी समुद्रावरून पश्चिमेचा किंवा वायव्येचा वारा सुटतो आणि पारा आवरतो. भूगोलाच्या पुस्तकात त्यांना मतलई वारे आणि खारे वारे म्हणतात. ज्या दिवशी पूर्वेचा वारा जोर धरून राहतो आणि खारा वारा उशिरा येतो, त्या दिवशी सांताक्रुझचे कमाल तापमान ३८-३९ अंशांवर जाते. 'पूर्वेचे वारे' या दोनच शब्दांत हवामानतज्ज्ञाने तेव्हा कारण सांगितलेले असते: तापलेल्या पठारावरची कोरडी हवा शहरावर येत आहे. त्याच वाऱ्याला 'पश्चिमेला जाणारा' म्हटले असते तर तो समुद्रावर निघून जाणार एवढेच कळले असते, आणि घामाघूम मुंबईकराला त्याच्याशी काही देणेघेणे नाही. मात्र उगमाची दिशा म्हणजे सगळा प्रवास नव्हे, हेही इथेच नोंदवायला हवे. हिवाळ्याच्या तोंडावर ईशान्येचे वारे महाराष्ट्रावरही वाहतात आणि तमिळनाडूवरही. महाराष्ट्रात ते जमिनीवरून येतात म्हणून कोरडे. चेन्नईला पोहोचण्यापूर्वी ते बंगालचा उपसागर ओलांडतात म्हणून ओले. दिशा एक, नाव एक, आणि एका ठिकाणी निरभ्र आकाश तर दुसरीकडे वर्षातला निम्म्याहून अधिक पाऊस.

गोंधळात भर घालण्याचे काम बाणांनी केले आहे. वातकुक्कुटाच्या बाणाचे शेपूट रुंद असते; वारा त्याला मागे ढकलतो आणि टोक वाऱ्याच्या समोर येते. म्हणजे टोक दाखवते ते वारा कुठून येतो हे. विमानतळावरची पट्ट्यापट्ट्यांची कापडी पिशवी बरोबर उलट वागते: तिचे रुंद तोंड वाऱ्याकडे आणि निमुळते टोक वारा जिकडे जातो तिकडे. हवामानाच्या नकाशावर ठिकाणाच्या ठिपक्यापासून निघणारी काठी वारा येतो त्या बाजूला काढलेली असते आणि तिच्या बाहेरच्या टोकाला पिसे असतात. पूर्ण पीस १० नॉटचे, अर्धे ५ चे, भरीव त्रिकोण ५० चा. आणि मोबाइलवरच्या बऱ्याच हवामान ॲपमध्ये अक्षरांत 'पश्चिम' लिहिलेले असते, पण शेजारचा बाण पूर्वेकडे तोंड करून असतो, कारण तो हवेची हालचाल दाखवतो. यात चूक कोणाचीच नाही. शब्द उगम सांगतात, बाण रोख सांगतो. बाणाखाली तसे लिहिण्याचा कंटाळा मात्र जवळपास सगळ्यांनी केला आहे, आणि ही कुचराई मला अक्षम्य वाटते.

आकड्यांची गोष्ट बाणांपेक्षा नेटकी आहे, तरी तिथेही एक खाच आहे. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे अंशांत मोजतात: पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०, उत्तर ३६०. उत्तरेला शून्य लिहीत नाहीत, कारण वारा अजिबात नाही हे सांगण्यासाठी शून्य राखून ठेवलेले आहे. आता मुंबई विमानतळ घ्या. तिथल्या मुख्य धावपट्टीच्या दोन टोकांचे क्रमांक ०९ आणि २७ आहेत. वर्षाचा मोठा काळ वारा पश्चिमेच्या अंगाने असतो आणि विमाने २७ क्रमांकावर उतरतात. हवामानाच्या संदेशात २७० अंश असे आले तर त्याचा अर्थ वारा पश्चिमेकडून येत आहे. धावपट्टीच्या २७ चा अर्थ विमान पश्चिमेकडे तोंड करून धावत आहे. आकडे जुळतात, हालचाली परस्परविरुद्ध असतात, आणि विमानाला समोरून वारा हवाच असल्यामुळे हा मेळ सोयीचा ठरतो. सागरी प्रवाहांच्या बाबतीत तर समुद्रावरचीच माणसे दोन नियम पाळतात: वाऱ्याला नाव येण्याच्या दिशेचे, प्रवाहाला जाण्याच्या दिशेचे. पावसाळ्यात सोमालियाच्या किनाऱ्याजवळ नैऋत्येचा वारा आणि ईशान्येचा प्रवाह एकाच बाजूला धावत असतात. विसंगती वाटते, पण दोन्हीकडे प्रश्न वेगळा आहे. वारा कोणते हवामान आणणार हे कप्तानाला जाणून घ्यायचे असते, प्रवाह जहाज कुठे वाहून नेणार हे.

इथून सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येता येते. धूर, रासायनिक वायू किंवा फवारणीचे तुषार यांच्या बाबतीत ते जाणार कुठे हाच प्रश्न असतो. तिथे उगमाचे नाव काय कामाचे? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर नियम बदलण्यात नाही. कारखान्यासाठी जागा निवडताना विंड रोझ नावाचा आलेख पाहतात. त्यातली सर्वांत लांब पाकळी पश्चिमेकडे असेल तर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो आणि धुराडे गावाच्या पश्चिमेला बांधू नये, एवढे ती सांगते. पाकळी जिकडे तिकडे धूर जाणार असे समजून वाचणारा माणूस ते नेमके तिथेच बांधायला सांगेल. याची दुसरी बाजूही आहे. ज्याच्या नाकात धूर शिरला आहे त्याला उगमच हवा असतो. पंजाब-हरियाणात भाताचे काड जाळले जाते तेव्हा दिल्लीत 'वायव्येचा वारा' हे शब्द धुराचा पत्ता सांगतात. म्हणून उपाय साधा आहे: धोक्याच्या सूचनेत 'वारा पश्चिमेकडून, धूर पूर्वेकडे' अशी दोन्ही टोके लिहावीत. गणिती प्रारूपे बनवणारे शास्त्रज्ञ हेच करतात. त्यांच्या समीकरणांत पूर्वेकडे जाणारी हवा धन असते, म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्याला धन चिन्ह. निरीक्षणे त्यात भरताना १८० अंशांचे रूपांतर करावेच लागते. सरासरी काढतानाही सदिशांचा आधार लागतो. ३५० आणि १० अंशांची साधी सरासरी १८० येते. दोन्ही वारे जवळजवळ उत्तरेचे असताना उत्तर दक्षिणेचे मिळते.

याहून खोल गैरसमज नावाच्या व्याप्तीबद्दल आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ म्हणजे सगळ्या देशात चार महिने वारा नैऋत्येचाच, असे मानणाऱ्याला पाटण्यातला श्रावण बुचकळ्यात टाकेल. गंगेच्या मैदानात पाऊस आणणारी पुरवाई पूर्वेकडून येते. कारण राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला कमी दाबाचा पट्टा तिथे असतो आणि त्याच्या उत्तरेला वारे पूर्वेचे होतात. नाव चुकले, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावर नैऋत्येचे होतात; जॉन फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये या प्रवाहातला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचा वेगवान झोत वर्णन केला, तो जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो. नाव त्या अवाढव्य प्रवाहाचे आहे, आपल्या खिडकीतल्या झुळुकीचे नव्हे. उंची बदलली तर दिशाही बदलते. पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये मांडलेला उष्णकटिबंधीय पूर्वी झोत याच पावसाळ्यात भारतावर सुमारे १४ ते १६ किलोमीटर उंचीवर वाहतो. खाली ढग पश्चिमेकडून घाटावर आदळत असताना त्यांच्या कितीतरी वरची हवा पूर्वेकडून पश्चिमेकडे जात असते. म्हणून जगभरच्या वेधशाळा पृष्ठभागाचा वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर, उघड्या जागेत मोजतात आणि काही मिनिटांची सरासरी देतात. गल्लीच्या तोंडाशी दोन इमारतींमध्ये वळलेला वारा पाहून वेधशाळेला खोटे ठरवण्यात अर्थ नाही.

उरला तो चक्रीवादळाबद्दलचा समज, आणि तो किनाऱ्यावरच्या माणसाला महागात पडू शकतो. वारा पूर्वेचा सुटला म्हणजे वादळ पूर्वेला आहे, असे उगमाच्या नियमावरून वाटणे साहजिक आहे. पण वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ रेषेत जात नाही. उत्तर गोलार्धात तो वादळाच्या केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने, किंचित आत वळत फिरतो. नेदरलँड्सच्या बाइस बॅलट यांनी १८५७ मध्ये मांडलेला नियम त्यावरच उभा आहे: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले तर कमी दाब डाव्या हाताला असतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आले. या नियमाने मुंबई केंद्राच्या उत्तरेला, म्हणजे तिथे वारा पूर्वेच्या अंगाचा. त्याकडे पाठ केली की तोंड पश्चिमेला, डावा हात दक्षिणेला, आणि वादळ तिकडेच. रत्नागिरी केंद्राच्या दक्षिणेला, म्हणून तिथे त्याच वेळी वारा पश्चिमेच्या अंगाचा, थेट समुद्रावरून येणारा. वादळ स्वतः मात्र ईशान्येच्या बाजूला सरकत होते, आणि वादळाची दिशा सांगताना ते जिकडे जाते तिकडचीच सांगतात. एकाच बातमीपत्रात अशा दोन रीतींच्या दिशा येतात. वादळाच्या वाटेच्या उजव्या बाजूला उभा असलेल्याला वारा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरताना जाणवतो, डाव्या बाजूच्याला उलट. आपल्या गोलार्धात उजवी बाजू अधिक घातक, कारण तिथे वाऱ्याच्या वेगात वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग मिळवला जातो. होडीवरच्या माणसाने होकायंत्र आणि घड्याळ घेऊन तासाभराच्या अंतराने दोनदा वारा नोंदवला, तर नकाशा नसतानाही आपण कोणत्या बाजूला सापडलो आहोत हे त्याला कळू शकते. अट एकच: होडी थांबलेली असावी किंवा अगदी संथ चालत असावी, नाहीतर तिच्या स्वतःच्या वेगाचा वारा खऱ्या वाऱ्यात मिसळतो आणि दिशा दोन्ही वेळा चुकीची येते.