उघड्या डोंगरांचा हंगाम

“रानशेतला फोटो काढायला कधी येऊ?” असं दर वर्षी कुणी ना कुणी मला विचारतं. विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं: जुलै-ऑगस्ट. हिरवे डोंगर, भरलेली भातखाचरं, ओढ्यांचं पाणी. मी सांगते, होळी झाली की या. समोरच्याला वाटतं, मी टाळतेय.

मी टाळत नाही. सव्वीस वर्षं या भागात भूगोल शिकवला आणि तितकीच वर्षं सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन फिरले. डहाणूहून जव्हारच्या दिशेने निघालं की चिकूच्या वाड्या मागे पडतात आणि सागाचं रान सुरू होतं. रानशेत त्या वाटेवरचं. या रानाचे सगळे ऋतू मी पुन्हा पुन्हा टिपले आहेत. माझा आवडता हंगाम फाल्गुन ते वैशाख, म्हणजे साग उघडा पडतो तिथपासून पहिल्या पावसापर्यंत.

आधी पावसाळ्याचं सांगते, कारण त्याच्यावर माझाही जीव आहे. ढगाळ दिवशी आभाळ हाच एक मोठा मऊ दिवा होतो. सावल्या काळ्या पडत नाहीत, त्यामुळे माणसांचे चेहरे फार सुंदर येतात. लावणीच्या दिवसांत इरली पांघरून वाकलेल्या बायकांची रांग दिसली की पाय आपोआप थांबतात. पाऊस फोटोत दिसायला मात्र दोन गोष्टी लागतात: मागे काळोखी झाडी आणि थेंबांवर मागून किंवा बाजूने येणारा उजेड. शटर 1/30 सेकंदाच्या आसपास ठेवलं तर धारा रेघांसारख्या उमटतात, 1/500 ला थेंब सुटे दिसतात. ओल्या पानांवरची पांढरी चमक घालवायला पोलरायझर फिल्टर लावावा, हिरवा रंग लगेच खोल होतो.

ब्रायन ब्रेक या न्यूझीलंडच्या छायाचित्रकाराने भारतातल्या पावसाळ्यावर केलेली चित्रमाला 1961 साली ‘लाइफ’ साप्ताहिकात आली. डोळे मिटून चेहऱ्यावर पाऊस झेलणाऱ्या मुलीचा त्यातला फोटो जगभर गाजला. ती मुलगी म्हणजे पुढे अभिनेत्री आणि दिग्दर्शिका म्हणून नाव मिळवलेल्या अपर्णा सेन. तो फोटो कोलकात्यातला आणि त्यातलं पाणी झारीने ओतलेलं. फोटो सुंदर आहे, तरी हे कळल्यापासून एक विचार माझ्या मनातून जात नाही. पावसाळ्याचं आपल्या मनातलं चित्र इतकं पक्कं असतं की पाऊस नसला तरी ते काढता येतं. हिरव्या डोंगराचंही तसंच होतं. ऑगस्टमधला आमच्याकडचा डोंगर आणि शंभर किलोमीटरवरचा दुसरा डोंगर शेजारी ठेवले, तर कोणता कुठला हे मलाही चटकन सांगता येणार नाही.

पावसाळ्याने माझं एक नुकसानही केलं. वडिलांचा यशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा होता, एका रोलवर बारा फोटो. 2005 च्या पावसाळ्यात तो मी चामड्याच्या पेटीतच कपाटात ठेवला. चामडं ओल धरतं. दिवाळीला पेटी उघडली तेव्हा भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली होती. कोकणात राहणाऱ्यांना कळकळीने सांगते, कॅमेरा चामड्यात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून घ्या.

थंडी सगळ्यात सोपी. रानशेत साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथला सूर्य भरदुपारीही क्षितिजापासून 46-47 अंशांपलीकडे चढत नाही, म्हणजे दुपारीसुद्धा माणसाची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी असते. उजेड दिवसभर तिरपा मिळतो. नवशिक्याने थंडीतच सुरुवात करावी.

उन्हाळ्यात हे सगळं उलटं होतं. मेच्या 20-21 तारखेला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस तो. जुलैच्या 23 तारखेच्या सुमारास तो पुन्हा येतो. भूगोलाच्या बाईला तो मुलांना दाखवायची केवढी हौस! पण मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैमध्ये आभाळ भरलेलं. एका मे महिन्यात पाड्यावरची पाच-सहा पोरं गोळा केली, अंगणात पहार उभी केली आणि साडेबाराच्या पुढे आम्ही सगळे तिच्याभोवती बसून राहिलो. सावली आखडत आखडत पहारीच्या बुडाशी गेली तेव्हा एक पोरगा स्वतःची सावली शोधायला गोल फिरला. त्याचा फोटो माझ्याकडे आहे. भरदुपारच्या उन्हात काढलेला, जपून ठेवावा असा माझा तो एकच फोटो.

म्हणून या हंगामात पहाटे उठायचं. एप्रिलच्या मध्यात सव्वासहा-साडेसहाला सूर्य उगवतो. तिथून दीडेक तासाने तो 20 अंशांच्या आसपास असतो आणि सावल्या उंचीच्या अडीच-तीन पट लांब. नऊच्या पुढे मी कॅमेरा पिशवीत टाकते. संध्याकाळ वेगळीच असते. हवेत धूळ आणि धूर इतका असतो की मावळता सूर्य नुसत्या तांबड्या टिकलीसारखा उरतो आणि डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात.

आणि डोंगर दिसतात! माझ्या पसंतीचं मूळ इथे आहे. सागाची पानं गळली की उतारावरच्या घळी, बांध, वापरातल्या आणि मोडलेल्या पायवाटा, कुणाचं घर कुठे, सगळं उघडं होतं. विवळवेढ्याच्या महालक्ष्मी गडाचा सुळका चैत्रात असा रेखीव दिसतो की काळ्या पेन्सिलीने काढावा. चैत्र पौर्णिमेच्या मध्यरात्री त्या गडावर ध्वज लागतो आणि खाली पंधरा दिवस यात्रा भरते. मुरमासाठी कापलेले डोंगरही याच दिवसांत दिसतात. पावसाळा त्यांच्यावर हिरवं पांघरूण घालतो. नव्या द्रुतगती मार्गाने तालुक्याची जमीन कशी चिरली, हे एप्रिलमध्ये उंचावर उभं राहून पाहावं. तेही फोटोत यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

इथून जवळच्याच गंजाडच्या कळंबीपाड्यावर वारली चित्रकार जिव्या सोमा मशे राहत. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि मे 2018 मध्ये ते गेले. कुडाची भिंत, तिच्यावर शेणमातीचा लेप, वर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा. लग्नात सवासिनी लिहितात तो पालघट देवीचा चौक याच रीतीने लिहिला जातो. मशे यांनी ती रेघ विधीबाहेर नेली, कागदावर आणि कापडावर. त्यांच्या चित्रांत माणसं, झाडं, जाळी, मुंग्या सगळं रेघांतून हलतं आणि पाठीमागे जमिनीचा सपाट तपकिरी रंग. ती चित्रं कित्येकदा पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की आमची जमीन वर्षातून तीनच महिने अशी दिसते. तपकिरी उतार आणि त्यावर फांद्यांच्या रेघा.

याच दिवसांत मोह झडतो. फुलं पहाटेपासून टपटपत असतात. ती नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधी जाळून टाकतात. मग त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळी, गुबगुबीत फुलं पडतात आणि बायका-पोरं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत पोचतात. इथे कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबू नये. तो काळ्याला करडं करतो. एक्स्पोजर एक स्टॉप कमी ठेवलं की जमीन काळी राहते आणि फुलं उठून दिसतात.

मोहाखालीच मला शेजारच्या पाड्यावरच्या काकींनी एकदा सुनावलं. मी त्यांना तीन वर्षांतले फोटो दाखवत होते. त्यांनी एकेक पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, “बाई, सगळ्यात मी वाकलेलीच हाय. मी उभी राहत नाय का कधी?” मी गठ्ठा पुन्हा चाळला. एकाही फोटोत त्या ताठ उभ्या नव्हत्या. लावणीत वाकलेल्या, कापणीत वाकलेल्या, मोह वेचताना वाकलेल्या.

राब कसा भाजतात हे मला त्यांनीच शिकवलं. भाताचं रोप करायच्या तुकड्यावर शेण, वाळलेल्या टहाळ्या आणि पालापाचोळा यांचे थर देतात, वर माती भुरभुरतात आणि मग पेटवतात. तणाचं बी जळतं, राख रोपाला मिळते. मी धूर अंगावर येऊ नये अशी जागा धरून उभी होते. काकींनी दंडाला धरून मला हलवलं. राब वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवायचा असतो, म्हणजे आग सरकत सरकत, जमीन नीट भाजत जाते. वारा फिरला असता तर ती सरळ माझ्याकडे धावली असती. त्यांनी दाखवलेल्या जागेवरून धूर उन्हाच्या समोर आला, आणि त्या धुरात हातात लांब काठी घेऊन त्या आगीवर लक्ष ठेवत उभ्या होत्या. ताठ. मी चार फोटो काढले.

त्यातला एक मोठा करून त्यांना दिला. त्यांनी तो कुडाच्या भिंतीवर, कणगीच्या वर लावला. पावसात ती भिंत ओल धरते हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक. दर वर्षी मृग लागायच्या आधी काकी फोटो काढून कापडात गुंडाळून माझ्याकडे आणून देतात, मी तो कॅमेऱ्याच्या डब्यात ठेवते, आणि भात घरात आलं की त्या येऊन परत घेऊन जातात.