नॅस्टर्शियम
फुलांकरिता बागेत लावली जाणारी एक वर्षायू, मांसल व गुळगुळीत ओषधी. हिचे शास्त्रीय नाव ट्रोपिओलम मॅजस असून अंतर्भाव ट्रोपिओलेसी कुलात होतो. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातील, विशेषतः पेरूकडील असून सतराव्या शतकाच्या अखेरीस यूरोपात आली. भारतात ती बागांतून सर्वत्र लावतात. निलगिरीसारख्या थंड डोंगराळ भागात ती बागेबाहेरही पसरली आहे.

नॅस्टर्शियम हे नाव लॅटिनमध्ये अहाळिवासारख्या तिखट पाल्याच्या वनस्पतींचे होते व त्याचा अर्थ ‘नाक मुरडावयास लावणारी’ असा होतो. प्रस्तुत वनस्पतीच्या पानांची चवही तशीच झणझणीत असल्याने ते नाव हिला मिळाले. वनस्पतिविज्ञानात मात्र नॅस्टर्शियम हे मोहरीच्या कुलातील वॉटरक्रेसच्या वंशाचे नाव आहे. पूर्वी ट्रोपिओलेसी कुल जिरॅनियमाच्या गणात घालीत. आता ते मोहरीच्याच गणात (ब्रॅसिकेलीझमध्ये) समाविष्ट आहे. ट्रोपिओलम हे वंशनाम लिनीअस यांनी विजयस्मारक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून दिले. ढालीसारखी पाने व शिरस्त्राणासारखी फुले यांवरून ते सुचले.

पाने साधी, एकाआड एक, वर्तुळाकार व छत्राकृती असून लांब देठ पात्याला मधोमध जोडलेला असतो. वेलीसारख्या प्रकारांत हे देठच आधाराला गुंडाळतात व वेल २–३ मी. पर्यंत चढते. पृष्ठभाग मेणचट असल्याने पानावर पाणी न पसरता त्याचे थेंब घरंगळतात. फुले एकेकटी, पानांच्या बगलेत, पिवळी, नारिंगी वा लाल असतात. संदले व पाकळ्या प्रत्येकी पाच असून संवर्ताच्या मागील बाजूस मध साठविणारी लांब शुंडिका असते. केसरदले आठ, किंजपुट ऊर्ध्वस्थ व तीन किंजदलांचा. फळ पिकल्यावर त्याचे एकबीजी असे तीन भाग सुटे होतात. संधिप्रकाशात ही फुले क्षणभर चमकल्यासारखी दिसतात, असे लिनीअस यांची कन्या एलिसाबेट यांनी १७६२ मध्ये नोंदविले. हा दृष्टिभ्रम असल्याचे पुढे मानले गेले.

महाराष्ट्रातील सपाट प्रदेशात सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत बी पेरतात. मुळे दुखावलेली रोपांना सोसत नसल्याने वाफ्यात किंवा कुंडीत कायमच्या जागीच, २५–३० सेंमी. अंतराने व सु. १·५–२ सेंमी. खोल बी टोकतात. टरफल जाड असल्याने बी रात्रभर पाण्यात भिजविल्यास उगवण लवकर होते. भरपूर ऊन व पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. हौशी बागवानाची नेहमीची तक्रार अशी, की वेल हिरवागार दिसतो. पण फुलत नाही. याचे कारण बहुधा जादा खत हेच असते. नायट्रोजनयुक्त खत व सुपीक जमीन यांमुळे पाने जोमाने वाढून फुलांना झाकतात. म्हणून हलक्या जमिनीत, खत जवळजवळ न देता व बेताच्या पाण्यावर ही वनस्पती वाढवितात. पेरणीनंतर सु. दोन ते अडीच महिन्यांत फुले येतात. सुकलेली फुले खुडल्यास बहर लांबतो. कडक थंडी व उन्हाळ्याचा ताप या दोन्हींनी झाडे मरतात. पुढील हंगामासाठी पक्व, गळून पडलेली बीजे गोळा करून सावलीत सुकवितात.

पानांतील ग्लुकोट्रोपिओलीन या गंधकयुक्त पदार्थाचे पान चावल्यावर एंझाइमामुळे विघटन होते व तिखट बेंझिल आयसोथायोसायनेट बनते. वनस्पतीचे हे संरक्षण असले, तरी कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या तिला दाद देत नाहीत. उलट ही पाने आवडीने खातात. मावाही मोठ्या प्रमाणात पडतो. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढता येतो. कोवळी पाने व फुले कोशिंबिरीत घालतात आणि हिरव्या फळांचे लोणचे करतात. खावयाच्या झाडांवर कीटकनाशके मारू नयेत. तसेच औषध चोळलेले बी खाण्यास वापरू नये.

‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हा गडद लाल फुलांचा बुटका प्रकार व ‘अलास्का’ हा पांढरट ठिपक्यांच्या पानांचा प्रकार कुंड्यांसाठी चांगले आहेत. याच वंशातील ट्रोपिओलम ट्यूबरोसम या जातीचे कंद अँडीजमधील लोक अन्न म्हणून पिकवितात.