टर्कीची पिल्लं आणताय? आधी हे वाचा



गेल्या काही बैठकांत एकच प्रश्न सारखा येतोय, "मॅडम, टर्कीसाठी कर्ज मिळेल का?" ते तुमचा गट ठरवेल. पण पिल्लं घरी आल्यावर काय होतं, ते मी एका गावात डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितेय.

तिथल्या ताईंनी गटातून कर्ज काढून वीस पिल्लं आणली. आठवड्यात बारा मेली. सगळ्या म्हणाल्या, रोग आला. मलाही तेच वाटलं (मी एमएसडब्ल्यू केलेली, कोंबड्यांतलं मला काय कळणार!). डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू फाडून पाहिलं, तर आत नुसता भुसा. खाद्याचं भांडं समोर भरलेलं होतं आणि पिल्लं उपाशी मेली होती.

कोंबडीचं पिल्लू आपलं आपण टोचायला लागतं. टर्कीचं पिल्लू घाबरट, आणि सुरुवातीला त्याला नीट दिसतही नाही. त्याला खायला शिकवावं लागतं. आल्याबरोबर प्रत्येकाची चोच हळूच पाण्यात बुडवा, मग खाद्याला लावा. खाद्याच्या भांड्यावर बोटानं टकटक करा, ती आवाजाकडे येतात. भांड्यात रंगीत गोट्या टाका, चमक बघून टोचतात. हिरव्या रंगाकडे त्यांचा ओढा असतो, म्हणून खाद्यावर कोवळा पाला बारीक चिरून भुरभुरवा. पहिले पंधरा दिवस एक लिटर पाण्यात १०० मिली दूध आणि दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं कुस्करून द्या. पाण्याचं भांडं उथळच हवं, खोल असेल तर पिल्लं बुडतात. आणि सुरुवातीचे काही दिवस भुशावर गोणपाट अंथरा, म्हणजे भुसा पोटात जाणार नाही.

पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला थोडी कमी करायची. थर्मामीटर नसला तरी चालेल, पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजतेय, लांब पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. वीज गेली तर काय, हा विचार पिल्लं आणायच्या आधीच करून ठेवा.

खाद्यही वेगळं लागतं. लहान टर्कीला २८ टक्के प्रथिनं लागतात, कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात तेवढी नसतात. मोठी झाल्यावर मात्र लसूणघास, शेवग्याचा पाला, कोबीची पानं आवडीनं खातात, तिथे खर्च वाचतो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. खुराडं आहेच, त्यात गावरान कोंबड्यांबरोबर टर्की सोडली, झालं काम. असं करू नका. कोंबडीच्या पोटातल्या बारीक जंतांच्या अंड्यांतून एक रोग टर्कीला लागतो. कोंबडी वरून ठणठणीत दिसते, टर्कीचं मात्र काळीज सडतं. विष्ठा गंधकासारखी पिवळी दिसली की लगेच डॉक्टरांना बोलवा. ही अंडी मातीत दीड-दोन वर्षंही टिकतात, म्हणून जिथे कोंबड्या फिरल्या ती जागाही नको. टर्कीसाठी वेगळी जागा, वेगळी भांडी, आणि आत जायची चप्पलसुद्धा वेगळी. मानमोडी आणि देवीची लस टर्कीलाही लागते. तारखा दवाखान्यातून किंवा पशुसखीकडून लिहून घ्या.

राहिला विक्रीचा प्रश्न. एमूचं आठवतंय ना? २०१२ च्या सुमारास आपल्याकडे आणि तमिळनाडूत कितीतरी कुटुंबं त्यात बुडाली. "पक्षी आम्हीच परत विकत घेऊ" या बोलीवर पैसे घातले, घेणारे गायब झाले, आणि लोकांच्या दारात नुसते खाणारे पक्षी उरले. टर्कीचं मांस खरंच खाल्लं जातं, नाताळात शहरात मागणीही असते. पण तुमच्या तालुक्याच्या बाजारात बारा महिने कोण घेणार? पिल्लं विकणाराच म्हणत असेल "मी परत घेईन", तर ते लेखी मागा आणि गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा.

त्या ताईंची आठ पिल्लं जगली. त्यातल्या दोन नरांचं गिऱ्हाईक त्यांनी स्वतः शोधलं, रस्त्यावरच्या एका ढाब्याचं. पुढची पिल्लं त्या आणणार आहेत, पण वीस नाही, सहाच.