मॉडबस : कमी मागण्याचे बळ

पीएलसी (यंत्रे चालवणारे औद्योगिक कंट्रोलर), मोटरचे ड्राइव्ह, तापमान-नियंत्रक आणि विजेचे मीटर यांच्यात संवाद घडवणाऱ्या पद्धती आज डझनांनी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मॉडबसपेक्षा वेगवान आहेत. तरीही मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली आपल्या कंट्रोलरांसाठी आखलेला हा प्रोटोकॉल नव्या उपकरणांतही सर्रास सापडतो. केवळ जुनेपणा हे त्याचे कारण असू शकत नाही, कारण त्या पिढीतले अनेक खासगी प्रोटोकॉल केव्हाच विस्मरणात गेले. मॉडबस टिकला तो उपकरणाकडून फार थोडे मागतो म्हणून. मास्टरने विचारायचे, स्लेव्हने उत्तर द्यायचे, न विचारता कोणी बोलायचे नाही. प्रत्येक उपकरणाला १ ते २४७ मधला एक पत्ता, आणि मोजमापे १६ बिटांच्या रजिस्टरांत. आरटीयू पद्धतीत साडेतीन अक्षरांएवढी शांतता पडली की संदेश संपला. तो वाटेत बिघडला का, हे शेवटच्या दोन बाइटांच्या सीआरसी या तपासणी-आकड्यावरून कळते. एवढे काम अगदी स्वस्त मायक्रोकंट्रोलरलाही जमते. शिवाय नियम सर्वांना खुले होते, वापराचे शुल्क नव्हते. आरएस-४८५ या तारजोडणीच्या मानकाची जोड मिळाल्यावर तर त्याचे बस्तानच बसले. तिथे संदेश दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकातून जातो. मोटरांचा विद्युत गोंगाट पीळ दिलेल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. म्हणूनच कमी वेगात ही जोडी सुमारे १२०० मीटर नेता येते.

तो संथ आहे, हा आक्षेप खरा आहे. ९६०० बॉडला दहा रजिस्टरे वाचायची तर प्रश्नाचे ८ आणि उत्तराचे २५ बाइट धरून ४० मिलिसेकंदांच्या आसपास जातात. विजेच्या तीस मीटरांची एक फेरी सेकंदाच्या वर जाते. रोबोच्या हाताला हे चालणार नाही. पण टाकीतल्या पाण्याची पातळी किंवा भट्टीचे तापमान सेकंदाभरात फारसे हलत नाही, आणि कारखान्यातली बरीच मोजमापे याच जातीची असतात. दशांश संख्या दोन रजिस्टरांत कोणत्या क्रमाने ठेवायची हे मात्र प्रोटोकॉलने ठरवून दिले नाही. तो भार अजूनही मीटर जोडणाऱ्या तंत्रज्ञावर पडतो, आणि ही उणीव समर्थन करण्यासारखी नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षेचा. आज्ञा कोणी दिली, हे मॉडबस विचारतच नाही. तार कारखान्याच्या भिंतींआड होती तोवर निभावले. पुढे हेच संदेश टीसीपीवरून, ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर, इथरनेटवर आले. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या ल्विव्ह शहरात ६०० हून अधिक इमारतींची उष्णता तोडणाऱ्या हल्ल्यात मॉडबसच्याच आज्ञा वापरल्या गेल्या. टीएलएस या कूटलेखनाचे कवच घातलेली आवृत्ती २०१८ पासून आहे, पण भिंतीवरच्या जुन्या मीटरला ती कळत नाही. त्यासाठी प्रोटोकॉल बदलण्यापेक्षा जुनी तार आणि इथरनेट यांना जोडणारा गेटवे बदलणे शहाणपणाचे : बाहेरच्या जाळ्यातून फक्त वाचण्याची मुभा, आणि लिहिण्याच्या आज्ञा तिथेच अडवलेल्या.