सहा सिलिंडर आणि एक भाता

मोटारींच्या इंजिनांशी माझा बरीच वर्षे संबंध आला. तरुण मंडळी मला एक प्रश्न हटकून विचारतात : सहा सिलिंडरच्या साध्या पेट्रोल इंजिनाला टर्बोचार्जर बसवला, तर ताकद किती वाढेल? मी म्हणतो, हा अर्धाच प्रश्न झाला. वाढलेली ताकद ते इंजिन किती दिवस पेलेल, हा उरलेला अर्धा. आज या दोन्हींविषयी बोलू.

आधी साधा हिशेब. तीन लिटरचे इंजिन दर दोन फेऱ्यांना फार तर तीन लिटर हवा ओढते. मिनिटाला ३,००० फेऱ्या धरल्या, तर साडेचार हजार लिटर. वजनात पाच किलोंहून थोडी अधिक. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे मिनिटाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास पेट्रोल जळेल, त्याहून फारसे नाही. पेट्रोल हवे तेवढे सोडता येते. अडते ते हवेपाशी.

लोहार विस्तव फुलवायला काय करतो? भाता चालवतो. टर्बोचार्जर हा इंजिनाचा भाता आहे. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या तापलेल्या धुरावर एक छोटे चक्र फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरते. या दांड्याच्या फेऱ्या मिनिटाला लाखाच्याही वर जातात. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने ही कल्पना १९०५ मध्ये पेटंटसाठी मांडली.

एका रांगेतल्या सहा सिलिंडरांचे या भात्याशी छान जमते. त्यांच्या ठिणग्यांचा नेहमीचा क्रम १-५-३-६-२-४ असा असतो. नीट पाहा : पुढच्या तिघांपैकी एक, मग मागच्या तिघांपैकी एक, अशी आलटून-पालटून पाळी येते. पुढच्या तिघांचा धूर एका नळीतून आणि मागच्यांचा दुसऱ्या नळीतून नेला, तर एकाचा झोत दुसऱ्याच्या झोताला आडवा येत नाही आणि चक्राला जवळजवळ अखंड रेटा मिळतो. धुराच्या या ठोक्यांचा उपयोग करून घेण्याची पद्धतही ब्यूखीनेच १९२५ मध्ये पुढे आणली.

आता दुसरी बाजू. सायकलचा पंप चार वेळा दाबला की तळाशी गरम लागतो. दाबलेली हवा तापते, हा निसर्गनियम आहे. बाहेर ३० अंश सेल्सिअस असताना हवेचा दाब दीडपट केला, तर चांगल्या टर्बोतूनही ती ८० अंशांच्या पुढे तापून निघते. तापलेली हवा विरळ असते. म्हणून दाब पन्नास टक्के वाढूनही हवा प्रत्यक्षात पाऊणशे नव्हे, पन्नासही नव्हे, जेमतेम २८ टक्के जास्त भरते. मध्ये इंटरकूलर बसवून ती ४५ अंशांवर आणली, तर हाच आकडा ४० टक्क्यांपर्यंत जातो.

नुसती ताकद कमी भरते एवढेच नुकसान असते, तर चालले असते. खरा धोका नॉकिंगचा. तापलेले, दाबलेले मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता स्वतःच भडकते आणि पिस्टनवर हातोडा बसावा तसा आघात होतो. असे पिस्टन मी हातात घेऊन पाहिले आहेत : कडा खाल्लेल्या, दोन रिंगांमधली भिंत तुटलेली. हे घडायला वर्षे लागत नाहीत; चढावर काही सेकंद पुरतात.

कारखान्यांनी यावर काय केले, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९६२ मध्ये जनरल मोटर्सने दोन टर्बो मोटारी विक्रीस आणल्या. सहा सिलिंडरच्या शेव्हरले कॉर्व्हेर मोंझा स्पायडरमध्ये त्यांनी कॉम्प्रेशन ९ वरून ८ वर उतरवले, क्रँकशाफ्टला अधिक मजबूत पोलाद वापरले, एक्झॉस्ट व्हॉल्व्हना उष्णता सोसणारा मिश्रधातू घेतला आणि दाब वाढताच ठिणगी उशिरा पडेल अशी सोय केली. मगच १५० अश्वशक्तीचा आकडा जाहीर केला. दुसरी मोटार म्हणजे आठ सिलिंडरची ओल्ड्समोबिल जेटफायर. तिचे कॉम्प्रेशन मात्र १०.२५ इतके चढेच ठेवले आणि नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडले. ते मिश्रण मालकाने आठवणीने भरायचे! ही मोटार दोन वर्षांतच बंद झाली.

पुढे पोर्शने १९७५ मध्ये ९११ टर्बो विक्रीस आणली. तिच्या तीन लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाचे कॉम्प्रेशन ६.५ इतके खाली आणले होते. ताकद २६० अश्वशक्ती. १९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटरचे झाले, इंटरकूलर आला आणि ताकद ३०० वर गेली.

मित्रहो, यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. टर्बो ही वरून लावायची वस्तू दिसते, पण तिचा भार इंजिनाच्या तळापर्यंत पोहोचतो. म्हणून बेत करताना टर्बोची किंमत शेवटी लिहा. त्याआधी जुन्या इंजिनाची कॉम्प्रेशन-तपासणी, हेड गॅस्केट, इंजेक्टर, पेट्रोलचा पंप, ठिणगीची वेळ नव्याने बसवणे, रेडिएटर, क्लच आणि ब्रेक यांचा खर्च मांडा. ब्रेक तर मुळीच विसरू नका. दाब कमी ठेवा. दांड्याचे बेअरिंग ऑइलवरच तरते. तेव्हा ऑइल वेळेवर बदला आणि जोरात गाडी चालवून आल्यावर इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवून मग बंद करा, नाहीतर ऑइल आतच जळून त्याची काजळी धरते.

आणखी एक. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. पाना हातात घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. अपघात झाल्यावर ही विचारपूस करून काही उपयोग नसतो.

एवढी यादी मांडून खिशाला आणि इंजिनाला दोघांना झेपत असेल, तर जरूर पुढे जा. झेपत नसेल, तर त्याच पैशांत तुमचे साधे सहा सिलिंडर इंजिन उत्तम दुरुस्त होईल आणि आणखी दहा वर्षे गोड आवाजात चालेल. तेही काही थोडे नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)